तिसऱ्या दगडावरून

नेदर थर्ल, लँकेशर
रविवार, २६ मे २०२४

प्रिय बर्नडेट,

आधी तारीख, मग प्रकृती, मग हवा, मग कारण. कॉन्व्हेंट शाळेत मदर इग्नेशियांनी पत्राचा हा क्रम आमच्या बोटांवर पट्टी मारून बसवला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तो मला मोडवत नाही. तर तारीख वर आहे. माझी प्रकृती उत्तम. डावा गुडघा सोडला तर बिघडण्यासारखं काही उरलेलंच नाही. तूही बरी असावीस. हवेचं म्हणशील तर सकाळपासून खोऱ्यात धुकं बसलंय. पलीकडच्या काठावरच्या मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. जणू धुकंच बें बें करतंय. थर्ल नदी आज पट्टीवर एक फूट चार इंच. नोकरी सुटून अठरा वर्षं झाली, पण सकाळी नऊ वाजता पुलाखालची पट्टी वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. बेचाळीस वर्षं नदीखात्यात रोज तिची उंची लिहिली. ती सवय जाईल कशी?

आता कारण.

तुला पिम नावाच्या गृहस्थांचं पत्र आलंय, हे मला पिमनीच सांगितलं. तू नाही सांगितलंस. नाताळच्या कार्डापलीकडे आपल्यात काही येत-जात नाही हे मला ठाऊक आहे, पण हे तू एका ओळीने कळवायला हवं होतंस. हे पिम सात वर्षांपूर्वी दक्षिणेकडून इथे राहायला आले, जुनी गिरणी विकत घेतली, दाढी वाढवली आणि नदीच्या दंतकथा जतन करायची समिती काढली. नदी आमची, दंतकथा आमच्या, दाढी तेवढी त्यांची.

तर या समितीने डोहापाशी पाटी लावायचं ठरवलंय. तिचा नमुना मी पाहिला. डोहातल्या हिरव्या नॅनचं चित्र काढलंय : तोंडभर हिरवे दात, बोटांच्या मध्ये बेडकासारखे पडदे, केसांत शेवाळ. खाली लिहिलंय, 'दर सात वर्षांनी नॅन एक जीव मागते. तिने नेलेली शेवटची व्यक्ती नोरा हॅल्सॉल, ऑगस्ट १९५९. तिच्या शोधासाठी सोडलेला पाव याच ठिकाणी थांबला.' आणि १७ ऑगस्टला, शनिवारी, या पाटीचं अनावरण. त्या दिवशी पर्यटकांनी नदीत पाव सोडायचे. कडेला आइस्क्रीमची गाडी.

मी बैठकीत उभी राहिले. "मिस्टर पिम, नॅनचे दात कुणी मोजले?"

"मिस हॅल्सॉल, लोककथा ही जिवंत गोष्ट आहे. ती बदलत राहते."

"जिवंत आहे ना? मग तिला खिळे ठोकून पाटीवर का बसवताय?"

मागच्या बाकावरून एडना काउगिल ओरडली, "विनी, खाली बस! चहा गार होतोय." एडना आपली जुनी शेजारीण, आता एक्याण्णवची. कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

"तुमचा चहा गार होतोय आणि इथे माझ्या आईची जत्रा होतेय," मी म्हणाले. पिमनी मान तिरकी केली आणि "तुमच्या भावना मी समजू शकतो," म्हणाले. माझ्या भावना मला समजत नाहीत, यांना कुठून समजणार?

आईची नॅन तुला आठवते का? तू सात वर्षांची होतीस, कदाचित नसेल आठवत. आईच्या गोष्टीत नॅन कुणालाच नेत नव्हती. ती समुद्रातली पोर. सॅमन माशांच्या मागे खेळत खेळत नदीत वर आली, डोहात तिला झोप लागली, आणि ती झोपलेली असताना खाली गिरणीवाल्यांनी बंधारा घातला. सॅमन उड्या मारून जातात. नॅनला उडी येईना. तेव्हापासून पाणी उतरलं की ती बंधाऱ्याशी येऊन हात वर करते, आणि लोकांना वाटतं ही कुणाला तरी ओढणार. "ती वाट विचारते गं," आई म्हणायची. "कुणी थांबून सांगतच नाही." मग ती स्वतःशीच हसायची. त्या खोऱ्यात मोठ्याने हसणारी ती एकटीच बाई होती.

परवा स्वप्नात मी नदीच्या तळावरून चालत होते. पाणी वर होतं, आभाळासारखं, आणि त्यात आपली लाकडी रिळं तरंगत होती. बाबा गिरणीतून रिकामी रिळं आणायचे आणि आपण नदीतल्या ओलांडायच्या दगडांवरून त्यांची शर्यत लावायचो, हे तरी आठवत असेल. तू हट्टाने तिसऱ्या दगडावर उभी राहायचीस, कारण तो सपाट होता. म्हणून कायम हरायचीस. तिसऱ्या दगडावरून सोडलेलं काहीही सरळ डोहाच्या भोवऱ्यात जायचं आणि तिथेच गोल गोल फिरत बसायचं. माझं पहिल्या दगडावरून सुटायचं ते थेट बंधारा ओलांडून पार. तू रडायचीस आणि मी तुला कारण सांगायची नाही.

असो. सांगायचं ते हे, की तू येऊ नकोस. पिमनी तुला अनावरणाला बोलावलंय. लेकीच्या हातून पाटी उघडली की वर्तमानपत्रात फोटो येईल, एवढाच त्यांचा हिशेब. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून, ब्रोकन हिलहून, इथवर दीड दिवसाचा प्रवास, तुझं वय बहात्तर, आणि इथला ऑगस्ट म्हणजे तुमच्याकडची थंडी. तुझा कॉलिन गेला तेव्हा मी आले नव्हते, हे तू विसरली नाहीस. त्या मार्चमध्ये पूर होता, मला दर तासाला पट्टी वाचावी लागत होती. तेव्हा तू एकच ओळ लिहिली होतीस, 'तुझ्या नदीलाच जप.' जपतेय. म्हणूनच सांगतेय, येऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
विनिफ्रेड हॅल्सॉल


नेदर थर्ल
रविवार, ३० जून २०२४

प्रिय बर्नडेट,

पत्र मिळालं. प्रकृती ठीक. हवा उबदार, नदी नऊ इंचांवर आलीय. डोहावर शेवाळाची साय धरलीय आणि तिच्यावर निळे चतुर बसतात, उडतात, पुन्हा बसतात. काल मी तासभर नुसती पाहत उभी होते. काय पाहायला गेले होते ते विसरून गेले.

तीस वर्षांनी तू मला कार्ड सोडून पत्र लिहिलंस, तेही असं. तू लिहितेस, ११ ऑगस्टच्या विमानाचं तिकीट काढलंय. लिहितेस, पासष्ट वर्षांत तू घोट्याच्या वर पाण्यात उभी राहिली नाहीस. अंघोळीच्या टबात कधी बसली नाहीस, मुलाला पोहायला शिकवलं नाहीस, कॉलिनने समुद्रकिनारी घर बघितलं तेव्हा तू त्याला वाळवंटातल्या खाणीच्या गावी ओढत नेलंस, आणि हे सगळं त्याला कधी नीट सांगितलंही नाहीस. मला हे काही माहीत नव्हतं. तुला कोरडी हवा मानवते, असं तू म्हणायचीस आणि मी ते खरं धरून चालले होते.

आणि लिहितेस, "मला एकदा त्या पाण्यात हात घालायचाय. आईसाठी एक पाव सोडायचाय. तो कोणत्या दगडावरून सोडायचा एवढं सांग."

सांगते. पण आधी तो दिवस सांगते, कारण तू तो पाहिला नाहीस. एडनाने तुला तिच्या स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं आणि जॅमची बरणी हातात दिली होती.

आई सोमवारी सकाळी घरात नव्हती. काठावरच्या रस्त्याला आल्डरचं झाड आहे ना, त्याच्या फांदीला तिचा निळा रुमाल अडकलेला दुपारी कुणाला तरी दिसला. ते सातवं वर्ष होतं, आधीची घटना बावन्न सालची. बायकांनी मनातल्या मनात वर्षं मोजली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळलं, की नॅनने नेली. बाबा दारात उभे होते. ते कधीच बोलत नसत. वाईट नव्हते, बोलत नव्हते एवढंच.

बुधवारी दुपारी पाव सोडला. तुला रिवाज ठाऊक नसेल. बुडालेलं माणूस सापडत नसलं की पाव पोखरायचा, आत पारा घालायचा, वर मंतरलेली मेणबत्ती लावायची आणि नदीत सोडायचा. जिथे माणूस असेल तिथे पाव थांबतो. पारा डॉक्टरांनी दिला. कुरकुर करत आपला थर्मामीटर फोडला आणि म्हणाले, "माझं शिक्षण वाया गेलं." पाव कॉर्लेस पाववाल्याने दिला. त्याच्या गाडीत त्या दिवशी तो एकच उरला होता. माझ्या हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "ताजा आहे," एवढंच म्हणाला. फादर छत्री धरून पुलावर उभे होते. हे सगळं धर्माला धरून नाही, तेव्हा मी इथे नाही असं समजा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आणि जागचे हलले नाहीत.

घरातल्या थोरल्या लेकीने पाव सोडायचा असतो. मी तेरा वर्षांची होते. पाव डोहाकडे गेला, भोवऱ्यात शिरला आणि थांबला. म्हणजे जागच्या जागी हळूहळू फिरत राहिला, मेणबत्ती तेवत होती. बायका गुडघ्यांवर बसल्या. बाबांनी टोपी काढली. मग पुरुषांनी तीन दिवस आकडे टाकून डोह चाळला. एक लोखंडी पलंग, दोन बादल्या आणि जुन्या पाद्रीबाबांची हरवलेली सायकल मिळाली. आई मिळाली नाही. चौथ्या दिवशी बाबाच म्हणाले, "पुरे." त्या वर्षातला त्यांचा तो सगळ्यात मोठा संवाद.

परवा एडनाकडे गेले होते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, मोठ्याने, दोनदा. ती सोललेल्या वाटाण्यांत बोटं घालून बसली होती.

"पाण्यात हात घालायचाय म्हणते?"

"हो."

"आणि तू तिला काय सांगणार?"

"रिवाज आहे तो सांगीन. पहिल्या दगडावरून सोडतात."

एडनाने माझ्याकडे अशी नजर लावली, की मला पुन्हा पायमोजे आणि वेण्या असल्यासारखं वाटलं. "विनी," ती म्हणाली, "तू पहिल्या दगडावर थांबली नव्हतीस."

"तुम्हाला कसं दिसणार? तुम्ही बर्नीजवळ होतात."

"माझ्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, बयो. तेव्हाही होती."

मी उठले आणि निघून आले. वाटाणे अर्धे सोलायचे राहिले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर : पाव पहिल्या दगडावरून सोडतात. रिवाज तसा आहे.

विनिफ्रेड


नेदर थर्ल
रविवार, २१ जुलै २०२४

प्रिय बर्नी,

आज क्रम सोडते. मदर इग्नेशिया मला क्षमा करोत, आणि त्यांनी करायला हवी, कारण यात त्यांचाही हात आहे.

मागच्या पत्रात एकही गोष्ट खोटी नाही. पाव तसाच सोडला, तसाच थांबला. पण पहिल्या दगडावरून सोडला असता तर तो माझ्या रिळासारखा बंधारा ओलांडून निघून गेला असता, आणि लोकांनी म्हटलं असतं की इथे कुणी नाही. म्हणून मी दोन दगड पुढे गेले. तुझ्या दगडावर उभी राहिले, बर्नी. तुझ्या सपाट तिसऱ्या दगडावर. पाव कुठे जाणार हे मला ठाऊक होतं.

कारण आई पाण्यात नव्हती.

त्या सोमवारी पहाटे जिना वाजला म्हणून मी खाली आले. आई कोट घालून उभी होती, हातात छोटी बॅग. काठावर कॉर्लेसची पावाची गाडी थांबली होती. तो रोज त्या वेळी शहराकडे जायचा. पुढच्या बाजूला पावांचा वास येत होता, आणि नदीवर इतकं धुकं होतं की गाडी जमिनीवर आहे की पाण्यावर, हेही कळत नव्हतं. भलतंसलतं काही मनात आणू नकोस. त्याने तिला फक्त स्टेशनवर सोडलं. आई म्हणाली, "मी समुद्राकडे जातेय, विनी. इथे माझा श्वास पुरत नाही. खोली मिळाली की तुम्हाला बोलावते. तोवर कुणाला बोलू नकोस. तू झोपली होतीस." तिने मला जवळ घेतलं. गाडीत चढताना डोक्याचा रुमाल फांदीला अडकला, तिने तो ओढला नाही. बहुतेक तिला कळलंच नाही.

मी झोपले होते, असं सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, ती मेली असं सगळ्यांना वाटलं तर तिला कुणी शोधायला जाणार नाही, परत ओढून आणणार नाही. तेरा वर्षांच्या डोक्याला हे शहाणपणाचं वाटलं. इथवरचं मला आजही माफ करता येतं. पुढचं येत नाही.

ऑक्टोबरमध्ये तिचं पत्र आलं. घरी नाही, कॉन्व्हेंटच्या पत्त्यावर. मुलींची पत्रं मदर इग्नेशिया आधी उघडत, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि फाडलेलं पाकीट पुढे केलं. "हे मी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी सांगितलेलं ते एकच खोटं असेल. "याचं उत्तर तूच द्यायचंस. विचार करून दे."

पत्र सोबत जोडलंय. कागद पिवळा पडलाय, पण तिचं अक्षर स्वच्छ आहे. तू वाचशीलच, तरी मी लिहिते, कारण मला ते पाठ आहे. 'मोरकॅमला खोली मिळाली. लॉजमध्ये काम आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. जास्तीची एक लहान खाट मागून घेतली आहे. शनिवारी अकराच्या गाडीने बर्नीला घेऊन ये, मी स्टेशनवर असेन. तू बाबांजवळ राहा, त्यांना कुणीतरी हवं. तू मोठी आहेस, समजूतदार आहेस.'

एकच खाट, बर्नी. मी ते वाक्य तिथे ऑफिसात उभ्या उभ्या किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. मी तिच्यासाठी अख्ख्या खोऱ्याला फसवलं होतं, आणि तिने खाट मागितली तीही एकच, लहान.

मी तुला घेऊन गेले नाही. उत्तरही दिलं नाही. पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि त्या शनिवारी तुला रिळांच्या शर्यतीला नदीवर न्यायला निघाले. तू पायऱ्यांवरच बसकण मारलीस आणि पाण्याकडे बघून किंचाळलीस. तेव्हा तुला काय झालंय ते मला कळायला हवं होतं. कळलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं, आई पाण्यात नाही, गाडीत बसून गेली. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "वेडाबाई, घरी चल." पुढची पासष्ट वर्षं मी त्याच वाक्यावर काढली.

अडुसष्ट साली माझा पगार सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मी त्या पत्त्यावर गेले. तिनेच दार उघडलं. केस कापले होते, हातांना साबणाचा वास. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"बर्नी कुठेय?"

हा तिचा पहिला शब्द. मी नऊ वर्षांनी आले होते आणि ती माझ्या मागची मोकळी जागा पाहत होती. मी म्हणाले, "ती येणार नाही. मी तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, माझ्यासाठी आई मेली."

तू असं काही म्हणाली नव्हतीस. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि दर महिन्याला डोहावर फुलं वाहायला मला पाठवायचीस, कारण तुला स्वतःला जायला भीती वाटायची. ती फुलं मी पुलावरून फेकायची.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली आणि चहा ठेवला. चार शनिवार ती अकराच्या गाडीला उभी राहिली होती, हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही हसत. मी दर ऑगस्टमध्ये 'हवा बदलायला' जायची ती तिच्याकडे. एकटी. सव्वीस वर्षं मला आई मिळाली, बर्नी, तुझ्या वाट्याचीही. आणि तरी पूर्ण मिळाली नाही, कारण ती लहान खाट तिने कधी हलवू दिली नाही. चादर दर सोमवारी बदलायची. तू चाळिशीची झालीस, परदेशात संसार थाटलास, हे सगळं मी तिला सांगायची; पण खाट सात वर्षांच्या मुलीचीच राहिली. एकदा भरतीच्या वेळी खिडकीत बसून ती म्हणाली, "नदी नुसती जातच राहते. हा बघ, दिवसातून दोनदा लांब निघून जातो आणि दोनदा परत येतो. मला हेच हवं होतं." समोर मैलभर ओली वाळू चमकत होती आणि पाणी कुठून तरी, आवाज न करता, चालत येत होतं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये पूरबीर नव्हता. पट्टीवर दोन फूटसुद्धा पाणी नव्हतं. ज्या आठवड्यात तुझा कॉलिन गेला त्याच आठवड्यात आई गेली. मी तिचा हात धरून बसले होते, आणि तुझी तार माझ्या पर्समध्ये होती. शेवटच्या दिवशी तिने मला बर्नी म्हणून हाक मारली. मी 'ओ' दिली.

तिचं नाव तिथे नोरा लीडबेटर आहे, माहेरचं. दफनभूमी जरा उंचावर आहे. वारा फार, पण पाणी दिसतं.

मी एडनाकडे पुन्हा गेले. उरलेले वाटाणे सोलायला बसले. म्हटलं, तुम्ही खिडकीतून पाहिलंत तर बोलला का नाहीत?

"काय बोलायचं? कॉर्लेसच्या बायकोने मला सोमवारी संध्याकाळीच सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? निम्म्या गावाला ठाऊक होतं. तुझ्या बापाला ठाऊक होतं. बायको पावाच्या गाडीतून पळाली असं तोंडावर ऐकण्यापेक्षा नदीने नेली हे त्या माणसाला सोपं होतं. पुरुषांनी तीन दिवस आकडे टाकले ते त्याच्यासाठी. आम्हाला काय वाटलं, तू लहान आहेस, पाव निघून जाईल, फजिती होईल. तर तू बरोबर तिसऱ्या दगडावर गेलीस. अख्ख्या काठाचा जीव भांड्यात पडला."

मी शेंगा तशाच धरून बसले. म्हणजे मी कुणालाच फसवलं नव्हतं. मी पाव सोडला आणि सगळ्या खोऱ्याने तो थांबवला. फादरना ठाऊक, डॉक्टरना ठाऊक, मदरना ठाऊक.

"मग नॅनवर विश्वास कुणाचा होता?" मी विचारलं.

"धाकटीचा," एडना म्हणाली. "तिला सांगायचं तुझ्यावर होतं ना."

या एका वाक्यानंतर मला चहा प्यायला जमलेलं नाही.

समितीला मी परवा पत्र दिलं. पाटीवरून नोरा हॅल्सॉल हे नाव काढा, ती नदीत बुडाली नाही, याची साक्षीदार मी आहे, खाली सही. पिम धावत घरी आले. "मिस हॅल्सॉल, पण मग दंतकथेचं काय?" मी म्हणाले, "दंतकथा आपल्या जागी ठेवा. माझी आई तेवढी परत द्या." मग त्यांनी विचारलं, नॅन खरंच कशी होती. मी त्यांना बंधाऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली. दात खोडले. माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

आता तुझं. सतरा तारखेच्या अनावरणाला मी जाणार नाही. त्या शनिवारी मी मोरकॅमच्या स्टेशनवर असेन. अकराची गाडी आता थोडी उशिरा येते, पण येते. तू आलीस तर आपण दफनभूमीत जाऊ आणि मग खाली वाळूवर. ओहोटीला तिथे पाणी नसतंच, तू घोटाही न भिजवता कितीही लांब चालू शकतेस. मग ते तुझ्याकडे येईल तेव्हा तुला हात घालायचा तर घाल, नाहीतर नको. आली नाहीस तर मी पुढच्या शनिवारी उभी राहीन, आणि त्याच्या पुढच्या. चारच शनिवार नाही. गुडघा साथ देईल तितके.

पाण्याने तुझं कधी काही वाकडं केलं नाही, बर्नी. केलं ते मी. तू शिव्या द्यायला आलीस तरी चालेल, फक्त ये. आणि यायचं नसेल तर हे पत्र जाळलंस तरी चालेल, पण आईचं जाळू नकोस. ते खरं तर तुझ्यासाठी आलं होतं.

अकराच्या गाडीची वाट पाहणारी,
विनी